तळटीप १२ : जोधपूरच्या सनद परवाना बह्या
१२. मारवाडच्या वाळवंटाचा इतिहास चारणांच्या कवनांत आणि लोककथांतच आहे, हा समज बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारातल्या या बह्या खोडून काढतात. अठराव्या शतकात जोधपूर दरबाराने परगण्यांच्या अधिकाऱ्यांना धाडलेल्या हुकुमांच्या या नोंदवह्यांत सुतार, कुंभार, विधवा यांच्या फिर्यादीही येतात. लेखणी दरबारी कारकुनाची, म्हणून त्यांत रयतेचा आवाज नाही, हा आक्षेप अर्धाच खरा. हुकूम देताना फिर्यादीचे म्हणणे थोडक्यात नोंदले जाई. त्यामुळे कराची आणि जातपंचायतीची भांडणे कागदावर टिकली. मात्र, जे फिर्याद घेऊन आलेच नाहीत त्यांच्यासाठी लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी व लेखक विजयदान देथा यांनी १९६० साली मारवाडातल्या बोरुंदा गावात स्थापलेल्या रूपायन संस्थानचा मौखिक संग्रहही पाहायलाच हवा.