सम्राट, ससाणा आणि पार्मा

राजेलोकांच्या शिकारीच्या कथा बहुधा एकाच ठशाच्या असतात. किती लवाजमा निघाला, किती जनावरें पडलीं आणि धन्याचा नेम कसा अचूक होता, एवढें सांगितलें कीं त्या संपतात. आज ज्या शिकारीची हकीकत आपणांस सांगावयाची आहे, तिच्यांत किती पांखरें मिळालीं याला महत्त्व नाहीं. १८ फेब्रुवारी १२४८ या दिवशीं उत्तर इटलींत एक सम्राट ससाणे घेऊन शिकारीस बाहेर पडला, आणि तो परतण्यापूर्वींच त्याची छावणी, खजिना व मुकुट हीं सर्व शत्रूच्या हातीं गेलीं.

हा सम्राट म्हणजे होहेनस्टाउफेन घराण्यांतील दुसरा फ्रेडरिक. जर्मनी आणि सिसिली येथें त्याची सत्ता होती; जेरुसलेमचा राजा ही पदवीही तो लावीत असे. पोपशीं त्याचें वैर जुनें होतें. १२४५ सालीं लिआँ येथील धर्मपरिषदेंत चौथ्या इनोसंट पोपनें त्याला पदच्युत केल्याचें जाहीर केलें, आणि १२४७ च्या जून महिन्यांत पार्मा शहर त्याच्या विरोधकांनीं बळकावलें. लोंबार्डींतून आपेनाइन पर्वत ओलांडून तस्कनींत उतरणारी वाट पार्म्यावरून जाते. ती वाट सोडणें फ्रेडरिकला परवडण्यासारखें नव्हतें. त्यानें शहराला वेढा घातला, आणि तटासमोर लांकडी घरें, बाजार व खंदक यांसह एक नवें नगरच उभारलें. पार्मा जमीनदोस्त करावयाचें व त्याच्या जागीं हें नगर नांदवावयाचें, असा त्याचा बेत होता. नगराला त्यानें नांव दिलें व्हिट्टोरिया, म्हणजे विजय. त्या नांवाचीं नाणींही पाडलीं. विजय मात्र अद्यापि मिळावयाचा होता!

अशा वेळीं सेनापतीनें पांखरांमागें कां जावें, असें कोणालाही वाटेल. फ्रेडरिकला मात्र ही निव्वळ करमणूक वाटत नव्हती. त्याच्या मतें तें एक शास्त्र होतें. राजांनीं या विषयावर ग्रंथ लिहावे हें आपल्यालाही नवें नाहीं. त्याच्या शंभर वर्षें आधीं कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें 'मानसोल्लासां'त श्येनविनोदाला जागा दिली होती. फ्रेडरिकनें सुमारें तीस वर्षें मनांत घोळवून पक्ष्यांच्या साह्यानें शिकार करण्याच्या कलेवर सहा भागांचा लॅटिन ग्रंथ रचला. १२४० च्या हिवाळ्यांत फाएन्झा शहराला वेढा पडला असतां, अरबी श्येनविद्येच्या एका ग्रंथाचें भाषांतर तो स्वतः तपाशीत बसला होता. तो वेढा त्यानें जिंकला होता.

त्याच्या ग्रंथावरून या विद्येचें मर्म ध्यानांत येतें. कुत्रा मारानें किंवा लाडानें वश होतो. ससाणा यांपैकीं कशानेंच होत नाहीं. नव्या पक्ष्याच्या खालच्या पापण्या बारीक दोऱ्यानें वर ओढून त्याचे डोळे कांहीं काळ झांकीत. अंधाऱ्या खोलींत बाजदार त्याला तासन् तास हातावर वागवी आणि दर घांसाबरोबर तोच एक सूर म्हणे, म्हणजे त्या सुराची व अन्नाची सांगड पक्ष्याच्या मनांत पक्की बसे. मग हळूहळू दोरा सैल करून त्याला उजेडाची आणि माणसांची संवय लावीत. डोळ्यांवर घालावयाची चामड्याची टोपी फ्रेडरिकनें अरबांपासून घेतली. बाजदार कसा असावा, हेंही त्यानें सांगितलें आहे. तो मद्यपी व तापट नसावा; त्याची झोंप सावध असावी, कान तिखट असावे. पक्षी नदीपार गेला तर मागें जातां यावें म्हणून त्याला पोहतां आलें पाहिजे.

एवढें करून शिकारीच्या दिवशीं टोपी काढावयाची, वादी सोडावयाची आणि पक्ष्याला मोकळा करावयाचा. उत्तरेकडील बर्फाळ मुलुखांतला मोठा ससाणा क्रौंचावर सोडीत, चरग बगळ्यावर आणि बहिरी ससाणा पाणपक्ष्यांवर. आकाशांत गेलेल्या पक्ष्यावर सम्राटाची हुकमत चालत नाहीं. तो परत येतो तो शिकविणाऱ्याच्या धीरामुळें.

म्हणूनच पाहिल्याशिवाय मानावयाचें नाहीं, हा फ्रेडरिकचा बाणा होता. गिधाडें मांस वासानें शोधतात कीं दृष्टीनें, हें त्यानें त्यांचे डोळे झांकून पडताळलें. एका जातीचीं हंसकुलांतील पांखरें कुजक्या लांकडांतून जन्मतात, अशी समजूत होती. त्यानें उत्तरेकडे माणसें पाठवून तसलें लांकूड आणविलें, आणि त्यांत पक्ष्याचा मागमूसही न दिसल्यामुळें ती समजूत खोटी ठरविली. ॲरिस्टॉटल ऐकीव गोष्टींवर विसंबतो, असें म्हणण्याचेंही धाडस त्यानें केलें.

आणि या सूक्ष्मदर्शी पुरुषानें समोरच्या तटाआडचीं माणसें मात्र नीट पाहिलीं नाहींत. पार्म्याचे लोक उपासमारीनें मेटाकुटीस आले होते, आणि कैद्यांना त्यांच्या डोळ्यांदेखत ठार मारण्यांत येत होतें. असे लोक शरण येतील, असें त्यानें गृहीत धरलें. त्या दिवशीं सम्राट शिकारीला गेल्याची संधि साधून ते वेशींतून बाहेर पडले आणि बेसावध व्हिट्टोरियावर तुटून पडले. नगर जाळून राख झालें. फ्रेडरिकचा विश्वासू न्यायपंडित थाडेउस ऑफ सुएस्सा प्राणांस मुकला. सम्राटाला क्रेमोनाकडे पळ काढावा लागला.

लुटींत मुकुट सांपडला तो एका ठेंगण्या, सामान्य माणसाला; लोक त्याला कोर्तोपासो, म्हणजे आंखूड पावलांचा, म्हणत. तो मुकुट त्यानें, ससाणा धरावा तसा, मुठीवर उंच धरून सर्वांना दाखवीत शहरांत नेला, असें पार्म्याचाच बखरकार सालिंबेने सांगतो. नगरवासीयांनीं दोनशें पौंड व एक लहानसें घर देऊन तो त्याच्याकडून विकत घेतला.

पक्ष्यांविषयींची एक बहुमोल सचित्र पोथीही त्या लुटींत गेली. १२६४-६५ च्या सुमारास मिलानच्या एका व्यापाऱ्यानें ती आंजूच्या चार्ल्सला देऊं केली, आणि १२६६ सालीं त्याच चार्ल्सशीं लढतांना फ्रेडरिकचा मुलगा मॅनफ्रेड धारातीर्थीं पडला. १२५० मध्यें फ्रेडरिक वारल्यावर बापाचीं टिपणें जमवून, गाळलेल्या जागा भरून, ग्रंथाची नवी प्रत सिद्ध करणारा तो हाच मॅनफ्रेड. शेंकडों पक्षिचित्रांनीं नटलेली त्या परंपरेंतील प्रत आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत आहे. १५९६ सालीं आउग्सबुर्ग येथें ग्रंथ छापून निघाला. १९४३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर झालें.

फ्रेडरिकचें साम्राज्य गेलें, घराणें बुडालें, व्हिट्टोरियाची राख झाली. मागें राहिलें तें पांखरांचें पुस्तक. ज्या विषयांत त्यानें हुकूम न सोडतां वाट पाहिली, आणि समजूत बाजूला ठेवून डोळे उघडे ठेवले, त्या एकाच विषयांतला त्याचा शब्द आजही पक्षिशास्त्रज्ञ आदरानें वाचतात. पार्म्यापुढें त्यानें तेवढाच धीर दाखविला असता तर इटलीचा इतिहास कसा वळला असता, हें सांगतां येत नाहीं. पण आपल्या शत्रूला आपल्या ससाण्याइतकें तरी ओळखावें, एवढा धडा त्या एका दिवसानें राज्यकर्त्यांसाठीं ठेवला आहे.