धाराशिव जिल्हा गर्भाशयमुख कर्करोग तपासणी अभ्यास

धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेला हा अभ्यास गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या प्रतिबंधाविषयीचे एक महत्त्वाचे समूहनिहाय यादृच्छिक संशोधन होय. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात समाविष्ट होत्या. मानवी पॅपिलोमा विषाणूची (एचपीव्ही) एकदाच केलेली चाचणीही या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणू शकते, असे त्यातून दिसून आले.

पार्श्वभूमी
१९८७ साली बार्शी येथे भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसह धाराशिव जिल्ह्यातील परांडा व भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते. पुढे बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हा अभ्यास हाती घेतला. आर. शंकरनारायणन हे त्याचे प्रमुख संशोधक, तर बार्शीचे भ. म. नेने हे सहसंशोधक होते.

रोगाची वाटचाल
एचपीव्हीचा संसर्ग बहुधा आपोआप नाहीसा होतो. हा विषाणू रक्तात न उतरता त्वचेच्या व श्लेष्मल आवरणाच्या पेशींतच राहतो व फारसा दाह निर्माण करीत नाही. त्यामुळे काही स्त्रियांत तो प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटून टिकून राहतो. प्रकार १६ व १८ यांसारख्या घातक प्रकारांची ई६ व ई७ ही प्रथिने पेशींतील पी५३ व आरबी या अर्बुदरोधक प्रथिनांना निष्प्रभ करतात. परिणामी सदोष पेशींचा नाश होत नाही व त्यांचे विभाजन चालूच राहते. कर्करोगपूर्व अवस्थेत या पेशी आवरणातच असतात. अनेक वर्षांनी त्या आवरणाखालील पटल भेदतात, तेव्हा कर्करोग आक्रमक होतो. मग तो आसपासच्या ऊती, ओटीपोटातील लसिका ग्रंथी आणि पुढे फुप्फुस, यकृत इत्यादी अवयवांत पसरू शकतो. पटल भेदले जाण्यापूर्वीचा हा दीर्घ काळ हीच तपासणीची संधी होय.

रचना
गावांचे ५२ समूह यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागण्यात आले. तीन गटांत अनुक्रमे एचपीव्ही चाचणी, पॅप चाचणी (पेशीपरीक्षण) आणि ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी यांचा अवलंब झाला. चौथ्या, नियंत्रण गटात नेहमीचीच आरोग्यसेवा चालू राहिली. दोष आढळलेल्या स्त्रियांची दुर्बिणीद्वारे पुढील तपासणी व आवश्यकतेनुसार उपचार करण्यात आले.

निष्कर्ष
आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी १२७ जणींत कर्करोग आढळला, तर नियंत्रण गटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ११८ जणींत. मात्र दुसऱ्या वा त्यापुढील टप्प्यातील रुग्ण एचपीव्ही गटात ३९, तर नियंत्रण गटात ८२ होते. मृत्यूंची संख्या अनुक्रमे ३४ व ६४ होती. म्हणजेच मुख्य फरक रुग्णसंख्येत नव्हे, तर रोग कोणत्या टप्प्यावर सापडला यात होता. अन्य दोन चाचण्यांच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही. त्या चाचण्यांत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोग होण्याचे प्रमाण एचपीव्ही चाचणीत निर्दोष ठरलेल्यांच्या चौपटीहून अधिक होते.

आक्षेप
तपासणीची उपयुक्तता आधीच ज्ञात असताना नियंत्रण गटातील स्त्रियांना ती न देणे नीतीला धरून होते काय, असा प्रश्न काही तज्ज्ञांनी उपस्थित केला. त्या भागात तपासणीची नियमित व्यवस्थाच नव्हती व नियंत्रण गटाला प्रचलित सेवा मिळत होती, अशी बाजू संशोधनाच्या समर्थनार्थ मांडण्यात आली.

महत्त्व
जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत एचपीव्ही चाचणीला प्राथमिक तपासणी म्हणून प्राधान्य दिले. २०३० पर्यंत ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत अशा उच्च क्षमतेच्या चाचणीने तपासणी व्हावी, हे तिचे उद्दिष्ट आहे.