पटिवेदक आणि दक्षता समिती

सम्राट अशोकाच्या सहाव्या शिलालेखाकडे अभ्यासक बहुधा राज्यकारभारातील तत्परतेचा नमुना म्हणून पाहतात. आम्हांस त्यात याहून अधिक काही दिसते. पूर्वी सर्वकाळ राजाकडे वार्ता पोहोचत नसे. आता आपण भोजन करीत असो, अंतःपुरात असो वा उद्यानात, पटिवेदकांनी प्रजेचे कार्य निवेदन करावे, असा त्या आदेशाचा आशय आहे. (त्यातील ‘वच’ या शब्दाच्या अर्थाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, ती चर्चा येथे नको.) पटिवेदक हा आजच्या अर्थाने हक्करक्षक नव्हे. तथापि प्रजेवर काय गुदरते हे शोधून जाणणे राजाचे कर्तव्य ठरते, गाऱ्हाण्याची वाट पाहत बसणे नव्हे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधुनिक राज्याकडून हीच अपेक्षा केली. १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. हक्क बजावू पाहणाऱ्या अस्पृश्यांविरुद्ध बहिष्काराचे शस्त्र कसे चालते, हे त्या समितीने नोंदविले. गोलमेज परिषदेपुढे १९३० साली रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह मांडलेल्या योजनेत बाबासाहेबांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्याच्या आधारे बहिष्कार हा दंडनीय अपराध ठरविण्याची मागणी केली. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात त्यास स्थान मिळाले. परंतु १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात बहिष्कार स्पष्ट गुन्हा म्हणून येण्यास २०१५ ची दुरुस्ती व्हावी लागली.

या कायद्याचे १९९५ चे नियम आमच्या मते कायद्याइतकेच मोलाचे आहेत. अत्याचाराचा संभव असलेली क्षेत्रे शासनाने आधीच निश्चित करावीत. जिल्हा दक्षता समितीने तीन महिन्यांतून एकदा, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य समितीने जानेवारी व जुलैत बसावे, असे ते सांगतात. पूर्वसूचनेचा उपयोग व्हावा, हा त्यांचा हेतू. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्याच महिन्यात कुटुंबाच्या एका निकटवर्तीयास मारहाण झाली होती आणि मायलेकींनी हल्लेखोरांविरुद्ध साक्ष दिली होती. आरोपी जामिनावर सुटले, त्याच सायंकाळी हे हत्याकांड घडले. पूर्वसूचना होती, ती घेणारे कोणी नव्हते. पुढे न्यायालयांनी या प्रकरणास अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाने २०२२ साली अनुसूचित जातींवरील ५७,५८२ गुन्हे नोंदविले. मात्र ही गणना पोलिसांनी दाखल केलेल्या गुन्ह्यांची आहे आणि एका प्रकरणात अनेक अपराध असले तर त्यांतील मुख्य अपराधच मोजला जातो. गिरणीवर दळण नाकारणे, मजुरी बंद करणे, वरात अडविणे, धमकी देणे हे गुन्हा म्हणून दाखल न झाल्यास या आकड्यात कोठेच नसते. म्हणून प्रत्येक पोलीस ठाण्यात अशा घटनांची, गुन्हा दाखल होवो वा न होवो, स्वतंत्र नोंदवही असावी. ती जिल्हा दक्षता समितीच्या प्रत्येक बैठकीपुढे यावी आणि बैठकीची तारीख, उपस्थिती व निर्णय तालुक्याच्या गावी फलकावर लावले जावेत. त्यासाठी नवा कायदा नको, एक शासननिर्णय पुरेसा आहे.