शब्दवेध : आज्ञावली

प्रोग्रामला मराठीत ‘आज्ञावली’ म्हणतात. आज्ञा अधिक आवली. संस्कृतात ‘आवली’ म्हणजे रांग. दीपावलीची दिवाळी झाली. वंशावळ, नामावळी यांतही तीच आवली आहे. प्राकृतात ती ‘ओली’ झाली आणि मराठीत ‘ओळ’. प्रोग्रामरही कोडच्या ओळीच लिहितो! म्हणूनच ‘प्रोग्राम’पेक्षा मला हा शब्द नेमका वाटतो. नुसत्या आज्ञा असून भागत नाही, त्यांचा क्रम लागतो. मोबाइलवरचे कितीतरी गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवतात. प्रत्येक चित्रासाठी आधी बोटाचा स्पर्श वाचायचा, मग पात्र हलवायचं, मग ते पडद्यावर काढायचं. हा क्रम उलटला, तर पात्र बोटाच्या मागे रेंगाळतं.

असाच क्रम आधार क्रमांकामागेही असतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. बोटांचे ठसे, बुबुळांची प्रतिमा, जुळणी आणि शेवटी बारा आकडी क्रमांक, हीसुद्धा आज्ञावलीच. शिक्षकांनो, संगणकाचा पहिला तास घ्याल तेव्हा हा शब्द फळ्यावर फोडून दाखवा.