रक्तद्रवाची विभागणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत रक्तद्रवातील प्रथिनांचे संशोधन ज्या झपाट्याने पुढे गेले, त्याच्या मुळाशी शुद्ध जिज्ञासेपेक्षा जहाजावरील जागेची टंचाई अधिक होती. रक्तातील पेशी वेगळ्या केल्यावर उरणारा पिवळसर द्रव, म्हणजेच रक्तद्रव, वाळवून आघाडीवर धाडता येत असे. परंतु त्याच्यासोबत ऊर्ध्वपातित पाण्याची बाटलीही न्यावी लागे, आणि नौदलाला तर आटोपशीर, तयार औषध हवे होते.

अशा औषधाचा शास्त्रीय पाया इंग्रज शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्येच घातला होता. रक्तद्रवातील प्रथिने सूक्ष्म केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहजी बाहेर पडत नाहीत आणि म्हणून पाणी आत ओढून धरतात, हे त्यांनी दाखवून दिले. या ओढीला परासरणदाब म्हणतात, आणि तिचा सुमारे तीन-चतुर्थांश भार अल्ब्युमिन हे एकच प्रथिन वाहते.

हार्वर्डमधील रसायनशास्त्रज्ञ एडविन कोन यांनी १९४० मध्ये हे अल्ब्युमिन वेगळे काढण्याचे काम हाती घेतले. आधी गुरांच्या रक्तावर भिस्त ठेवण्यात आली. मात्र परक्या प्रथिनामुळे माणसांना गंभीर प्रतिक्रिया येऊ लागल्या, आणि ज्यांच्यावर या चाचण्या झाल्या त्यांत तुरुंगातील कैदीही होते, ही गोष्ट या यशोगाथेत सहसा दबक्या आवाजातच सांगितली जाते. मानवी रक्तद्रवावरील पद्धत मात्र टिकली. अल्कोहोल मिसळले की प्रथिनांची विद्राव्यता घटते, पण उष्णतेत त्यांची रचनाही बिघडते; म्हणून सारे काम शून्याखालील तापमानात, आम्लता आणि क्षारांचे प्रमाण काटेकोर सांभाळून चाले. अल्कोहोल ८ टक्के असताना रक्त गोठवणारे फायब्रिनोजेन साक्याच्या रूपाने खाली बसे, २५ टक्क्यांच्या सुमारास गॅमा ग्लोब्युलिन, आणि ४० टक्क्यांना, उणे ५ अंश सेल्सिअसवर, क्रमाने वेगळ्या होणाऱ्या भागांपैकी पाचव्यात अल्ब्युमिन हाती येई. त्याच्या २५ टक्के द्रावणाची १०० मिलिलिटरची बाटली सुमारे अर्धा लिटर रक्तद्रवाचे काम करी. डिसेंबर १९४१ मधील पर्ल हार्बरवरील हल्ल्यात होरपळलेल्या काही जखमींना ते तातडीने देण्यात आले.

अल्ब्युमिनसाठी मांडलेल्या या खटाटोपातून बाजूला पडलेल्या साक्यांचेही पुढे सोने झाले. फायब्रिनोजेनपासून मेंदूच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवणारा स्पंजसारखा पदार्थ तयार झाला. प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने, गॅमा ग्लोब्युलिनमध्ये असल्याने ते गोवराला अटकाव करण्यासाठी वापरात आले. या प्रथिनाची खरी ओळख मात्र त्याच्या अभावातून पटली: १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रुटन या लष्करी बालरोगतज्ज्ञाला वारंवार गंभीर जंतुसंसर्ग होणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन जवळजवळ नसल्याचे आढळले, आणि कोन यांच्या पद्धतीने वेगळे काढलेले तेच प्रथिन इंजेक्शनने नियमित देऊ लागताच संसर्गांची ती मालिका थांबली.