कंपवाताची जनुकीय चाचणी आणि सोयरिकीची भीती

बिबवेवाडीत अप्पर इंदिरानगरच्या बैठकीनंतर एक कार्यकर्ता बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, वडिलांचा हात चाळिशीच्या आतच थरथरायला लागला. पार्किन्सन आहे. डॉक्टर म्हणतात, जीन्सची टेस्ट करता येईल. आई म्हणते, ताईचं लग्न होईपर्यंत घराबाहेर नाव काढायचं नाही."

मित्रांनो, त्या माउलीला अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. ती समाजाला आपल्यापेक्षा चांगली ओळखते.

ज्याच्या नावाने हा कंपवात ओळखला जातो तो जेम्स पार्किन्सन लंडनचा डॉक्टर. 'ओल्ड ह्यूबर्ट' या टोपणनावाने तो सरकारविरोधी पत्रकं लिहायचा; 1794 मध्ये त्याची चौकशीही झाली. (आपल्या पंगतीत बसवावा असा माणूस!) 1817 मध्ये त्याने सहा रुग्णांवर निबंध लिहिला; त्यातले काही तर त्याला रस्त्यात दिसलेले. या आजारामागचं पहिलं जनुक सापडलं ते थेट 1997 मध्ये, इटलीतल्या एका गावातून पसरलेल्या कुटुंबात. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी 'पार्किन' जनुक शोधलं. ऐन तारुण्यात येणाऱ्या कंपवाताशी त्याचा संबंध आहे, आणि तिथे आई आणि बाप दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते.

म्हणजे एकच सदोष प्रत असलेला माणूस सहसा धडधाकट राहतो. 2004 मध्ये सापडलेल्या दुसऱ्या एका जनुकात एक प्रत पुरते, पण ती असूनही अनेकांना आजार होतच नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात तर पूर्वी कुणालाच कंपवात नसतो. चाचणी शक्यता सांगते. सोयरीक जुळवणारे मात्र तिचा निकाल 'घराण्याला डाग' असाच वाचतात.

हा डाग येतो कुठून? 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी निबंध वाचला. जातीचं सार जातीअंतर्गत विवाहात आहे, हे त्यांनी तिथे मांडलं. 1936 च्या, लाहोरला होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी जातीचे वकील 'सुप्रजननशास्त्र' पुढे करतात त्याचाही समाचार घेतला: रक्तशुद्धीच हवी होती, तर सहभोजनावर बंदी कशाला? आज जनुकशास्त्रज्ञच सांगतात की शतकानुशतकं आपापसात लग्नं करणाऱ्या भारतातल्या अनेक समूहांत असे दोन प्रतींचे आजार वाढण्याचा धोका आहे. रक्त जपायला जी कुंपणं घातली, त्यांनीच आजारही जपले. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या घरांनीही हे ऐकावं. बौद्ध झालो म्हणून जनुकं बदलत नाहीत.

तरीही 'चाचणी करा' एवढं बोलून मी त्या पोराला वाटेला लावलं नाही. तंत्र कुणाच्या हाती पडतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. गर्भलिंग तपासून मुली मारल्या जात होत्या, म्हणून 1988 मध्ये देशात पहिला कायदा याच राज्याला करावा लागला. जनुकांवरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेने 2008 मध्ये कायदा केला, आयुर्विमा त्यातूनही सुटलाच. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदाच नाही. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आनुवंशिक आजाराच्या नावाखाली आरोग्यविमा सरसकट नाकारणं भेदभाव ठरवलं, तेही एक माणूस कोर्टात लढला म्हणून. शिवाय हा आजार थांबवणारं औषध अजून नाही. हंटिंग्टन या आजाराची चाचणी यायच्या आधी बऱ्याच कुटुंबीयांनी 'करू' म्हटलं होतं. आल्यावर थोड्यांनीच केली. त्यांना भित्रं कसं म्हणणार?

त्याला एवढंच सांगितलं: आधी वडिलांची चाचणी, तीही समुपदेशन घेऊन आणि त्यांना स्वतःला हवी असेल तर. निकाल कुणाला दाखवायचा हेही तेच ठरवतील. आणि ताईचं म्हणणं काय?

तो गप्प झाला. तिला कुणी विचारलंच नव्हतं.