मुळ्याचे बी आणि शिकवायचे राहून गेलेले

लेकीने परदेशातून लाल मुळ्याचे बी पाठवले. पाकिटावर सूचना होती : शेवटचे दव गोठण्याच्या चार ते सहा आठवडे आधी पेरा. मला हसूच आले. आम्ही वाईकर. आमच्याकडे पाऊस ओसरला, हस्त-चित्रा नक्षत्रे आली की मुळा पेरतात. मुळ्याला थंडी लागते. उन्हाळ्यात तो जून आणि तिखट होतो.

पण पसरणीचा घाट चढला की महाबळेश्वर. तिथे वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे दवबिंदू खरेच गोठतात. तिथल्या माळ्याला ती सूचना बरोबर कळेल.

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. गव्हर्नर माल्कमने १८२८ च्या सुमारास हे गाव वसवले, हे मुलांकडून घोकून घेतले. पण १८३४ मध्ये तिथे तुरुंग झाला, चिनी आणि मलायी कैदी आणले गेले आणि बटाटे, विलायती भाज्या त्यांच्या हातून तिथे रुजल्या, हे एकदाही सांगितले नाही. पुस्तकात नव्हते, एवढेच कारण. परक्या मातीत, परक्या थंडीत कधी काय पेरावे हे त्यांनी चुकतमाकतच शिकून घेतले असणार. १८६४ मध्ये तुरुंग मोडला. माल्कमचे नाव पेठेला मिळाले. त्या माळ्यांचे नाव मी कुठल्याच पाटीवर पाहिले नाही.

यंदा ते बी चित्रात पेरले आहे. महिन्याभरात मुळे येतील. पहिला मुळा नातवाला देताना राहिलेला धडा सांगणार आहे.